उनाइसीचे डोळे

“वर बघ. आता खाली.” नर्स विलिसीने बॅटरी विझवली. “डोळे तर ठणठणीत आहेत गं तुझे. मग पाणी कशानं येतं?”

उनाइसीने तोंड उघडायच्या आत मागून सासू बोलली, “कॉम्प्युटरनं. दिवसभर त्या उजेडात बसते. दुसरं काय होणार?”

सासूच्या, म्हणजे मकेरेताच्या, मांडीवर बाळ होतं. दुपारी पाजण्यासाठी ती त्याला सुनेच्या ऑफिसात घेऊन येई. आज ऑफिसच्या आवारात आरोग्य खात्याचा तंबू लागला होता. खात्याकडे गाडी एकच, म्हणून दोन मोहिमा एकाच तंबूत कोंबल्या होत्या. एका बाजूला लिहिलं होतं, पडद्यावरची नजर अधूनमधून काढून लांब बघा. दुसऱ्या बाजूला बाळंतिणीचं चित्र होतं आणि खाली, मन आजारी पडलं तर लपवू नका. मकेरेताने पहिलं मोठ्याने वाचून दाखवलं आणि दुसऱ्याकडे पाठ करून बसली.

तिला पाठ फिरवणं भाग होतं. बाळंतीण सारखी रडू लागली, तिचं अन्न तुटलं, की फिजीत त्याला तंदोका म्हणतात. आणि तंदोका म्हटला की लोक बाळंतिणीला काही विचारत नाहीत. घरातल्या बायकांना विचारतात, तुम्ही कुठे होतात? पहिले काही महिने तिने पाण्यात हात घालायचा नाही, बायकांनी तिच्याजवळ बसायचं, माशाचं गरम कालवण हातात द्यायचं, अशी रीत. इथे नवरा इसिकेली शांतिसेनेत, परदेशात. सासू चर्चच्या गायनमंडळाची पुढारी. तिला सुनेपेक्षा सूर महत्त्वाचा. आठवड्याच्या आत उनाइसी लंगोट धुवायला बसली होती, आणि बाळ मान धरायच्या आधी ऑस्ट्रेलियातल्या लोकांच्या विम्याच्या तक्रारी टाइप करायला.

“झोप लागते का?” विलिसीने विचारलं.

“तान्ह्या पोराच्या आईला कसली झोप? आमच्या वेळी तर...”

“मावशी, मी तिला विचारतेय.” विलिसी त्यांच्याच गावची. तिने हे ओळखलं तर संध्याकाळपर्यंत गावाला कळणार, हे सासूसुना दोघींनाही ठाऊक होतं.

उनाइसीने बाळाकडे पाहिलं. आदल्या दिवशी त्याला टबात आंघोळ घालताना त्याच्याखालचे हात काढून घ्यावेत, असं तिच्या मनात येऊन गेलं होतं. तसंच ओलं पोर छातीशी धरून ती कितीतरी वेळ उंबऱ्यावर बसली होती. ते सांगायलाच हवं होतं. पण सासूची नजर पाठीवर होती.

“कॉम्प्युटरनंच,” ती म्हणाली.

विलिसीने थेंबांची बाटली दिली. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर मकेरेताने चारचौघींदेखत सुनेच्या डोळ्यांत थेंब घातले. “आजकालच्या पोरी ऐकतात का? डोळे घालवतील, पण नोकरी सोडायच्या नाहीत,” एक म्हातारी म्हणाली. मकेरेताने समाधानाने मान डोलावली.

पुढे एका संध्याकाळी घरात मंडळाचा सराव चालला होता. उनाइसी आत बाळाला आंघोळ घालत होती. तिला पुन्हा तसंच वाटलं, आणि या वेळी ते लवकर जाईना. तिने बाळाला टॉवेलात गुंडाळलं, बाहेर आली आणि गाणं चालू असतानाच सासूच्या हातात दिलं.

“आई, याला धरा. मी मागितलं तरी माझ्या एकटीकडे देऊ नका.”

“अगं, दमलीयेस तू. डोळे दुखत असतील.”

“डोळ्यांना काही झालेलं नाही. मला तंदोका झालाय. माझ्या हातून याला काही होईल, अशी मला भीती वाटते.”

गाणं थांबलं. उनाइसीकडे कुणी पाहिलंच नाही. सगळ्या बायका मकेरेताकडे बघत होत्या. मकेरेताची मान आयुष्यात पहिल्यांदा खाली गेली.

विलिसीला बोलावलं. तिने गोळ्या दिल्या, आणि दारात उभी राहून बजावलं, “बाळ हिच्याजवळच राहू दे. फक्त हिला एकटं सोडू नका. कुणीतरी बसा हिच्यापाशी. बरी होईल ती.”

पण जवळ बसणं म्हणजे आधी बसलो नव्हतो हे कबूल करणं. मकेरेताला त्याहून सोपी वाट सापडली. दोन दिवसांनी इसिकेलीची आत्या दुसऱ्या बेटावरून आली आणि बाळाला घेऊन बोटीने परत गेली. “आजारी बाईपाशी पोर ठेवतात का कुठे?” मकेरेता म्हणाली. उनाइसीला बाळाचं तोंड घडीभर बघू दिलं, हातात दिलं नाही. तिनेच तसं सांगितलं होतं ना.

तिच्याजवळ बसायला मात्र कुणीच आलं नाही. सोमवारी ती कामावर गेली.

दुपारी पाजायच्या वेळेला तिची छाती भरून आली, ब्लाउज ओला झाला. ती उठून ऑफिसच्या बाथरूममध्ये गेली, दार लावलं आणि बेसिनवर वाकून दूध पिळून टाकलं. मग बेसिन स्वच्छ धुतलं, मागून येणारीला त्रास नको म्हणून.