रांजणात बसलेला पाहुणा

आमच्या लाओसात लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी नांदायला जातो, तसा मीही गेलो. बायकोच्या, मलायच्या माहेरी नाम ऊ नदीच्या काठावर चार खोल्यांचं पाहुणेघर होतं. समोर नदी, पलीकडे ढगांत बुडालेले डोंगर, आणि या सगळ्यावर सत्ता माझ्या सासूबाईंची, बुआचान यांची. मलाय पाहुण्यांशी इंग्रजीत बोलायची, सासूबाई रांधायच्या आणि मी दोघींची बोलणी खायचो.

त्या हिवाळ्यात टॉर्बन नावाचा डेन्मार्कचा गडी आला. असा ताडमाड, की प्रत्येक दारावर कपाळ आपटायचा आणि वर चौकटीचीच माफी मागायचा. आमच्या भाषेतले दोनच शब्द त्याला यायचे, 'चव' आणि 'नाही'.

दुसऱ्या दिवशी दुपारी न्हाणीघरातून ओरडा ऐकू आला, "चव नाही! चव नाही!"

मी धावलो. न्हाणीघरात पाण्याचा मोठा रांजण आहे. त्यातलं पाणी मगानं अंगावर घ्यायचं. पण या भल्या माणसाला वाटलं, हाच टब. कमरेला पंचा गुंडाळून तो आत उतरला होता, उतरून चक्क मांडी घालून बसला होता. आता गुडघे दोन्हीकडून रुतले होते. वर फक्त खांदे, हात आणि डोकं. डास होऊ नयेत म्हणून सोडलेले मासे त्याच्या दाढीची चौकशी करत होते.

मी काखेत हात घालून ओढलं. तो हलला नाही, माझी पाठ तेवढी लचकली.

शेजारचा वानथोंग हातोडा घेऊन आला. सासूबाई रांजणासमोर हात पसरून उभ्या राहिल्या.

"खबरदार! माझ्या आईचा रांजण आहे हा."

"अहो मावशी, आत माणूस आहे!"

"माणसं काय, रोजच्या नावेनं येतात. असा रांजण येतो का?"

मलायनं हे इंग्रजीत काय सांगितलं कोण जाणे, टॉर्बननं मोठ्या आदरानं मान हलवली.

"साबण ओता," मी म्हणालो.

"आणि मासे?" सासूबाई कडाडल्या.

मग टॉर्बननंच मगानं एकेक मासा उचलून बादलीत सोडला. त्यात बराच वेळ गेला. पाहुणा उपाशी राहू नये म्हणून सासूबाई त्याला चिकट भाताचे गोळे भरवू लागल्या.

"आई, तो आणखी फुगेल ना!" मलाय ओरडली.

"फुगू दे. माझ्या घरी कुणी उपाशी बसत नाही. रांजणातसुद्धा."

एव्हाना निम्मं गाव अंगणात जमलं होतं. शेवटी कुणीतरी फान आजीला घेऊन आलं. गावातली निम्मी पोरं तिच्याच हातून जन्मलेली. तिनं रांजणाभोवती एक चक्कर मारली, टॉर्बनच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "डोकं बाहेर आहे. म्हणजे अवघड ते झालं."

आम्ही रांजण हळूच गाद्यांवर आडवा केला, पाणी वाहून जाऊ दिलं आणि भांडी घासायचा साबण ओतला. आजी समोर फतकल मारून बसली.

"श्वास घे रे बाळा. आता सोड. मांडी सोड! मलाय, सांग त्याला, एक पाय पोटाशी घे म्हणावं. हां... जावई, तू खांदे धर. ओढू नकोस, मेल्या, मुळा आहे का तो? वाट बघ."

टॉर्बन फुसफुसत होता. वानथोंगची बायको उगाचच त्याच्याबरोबर कळा देत होती. मग 'पुच्च' असा आवाज झाला आणि टॉर्बन सरळ माझ्या अंगावर येऊन पडला. मी त्याच्याखाली पुरता गायब झालो. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. सासूबाई रांजणाला तडा गेलाय का ते बघत होत्या.

"मुलगा झाला!" आजीनं जाहीर केलं.

संध्याकाळी सगळ्यांनी त्याच्या मनगटाला पांढरे दोरे बांधले. भेदरलेला जीव अंगात परत यावा म्हणून सासूबाई रांजणात तोंड घालून हाका मारत होत्या, "ये रे टॉर्बनच्या जिवा, बाहेर ये, तिथं ओल आहे." टॉर्बनच्या डोळ्यांत पाणी आलं. निघायच्या दिवशी तो आजीच्या पाया पडला, तेव्हा तीही रडली.

पुन्हा असं होऊ नये म्हणून सासूबाईंनी रंगाऱ्याकडून एक पाटी रंगवून घेतली. रांजणात बसलेला माणूस आणि त्यावर लाल फुली. पण रंगाऱ्यानं त्या माणसाचा चेहरा इतका सुखी काढला, आणि फुली इतकी लहान, की पुढच्याच आठवड्यात आलेल्या दोन बायकांनी पाटीकडे बोट दाखवून विचारलं, "हे आम्हाला कधी मिळेल?"

सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जावईबापू, बाजारात याहून रुंद तोंडाचा रांजण मिळतो का, बघून या."