फळ्यावरचा सोमवार

कपडे शिवण्याच्या त्या कारखान्यात दुपारची घंटा झाली की दोनशे ताटं वाढली जायची आणि त्यातली निम्मी अर्धवट टाकलेली परत यायची. हे चित्र तुमच्या-आमच्या ओळखीचंच आहे, मंडळी! खरकट्याचं पिंप भरलेलं पाहून आचारीकाकांचा जीव तुटायचा. त्यात साहेबांनी बजावलं होतं, "काका, महिनाअखेरीलाही पिंप असंच भरलेलं दिसलं, तर स्वयंपाकघर बंद. बाहेरून डबे मागवू."

बावीस वर्षं हातात झारा धरलेला माणूस. या वयात दुसरीकडे कोण उभं करणार?

खरं दुखणं भिंतीवर टांगलं होतं. सहा वर्षांपूर्वी काकांनी रंगाऱ्याकडून मोठ्या हौसेने फळा रंगवून घेतला होता: सोमवार मटार, मंगळवार फ्लॉवर, बुधवार गाजर. अक्षरं पुसली जाऊ नयेत म्हणून वरून वार्निशचा हात! तेव्हापासून भर उन्हाळ्यातही सोमवारी मटारच. ते लांबून ट्रकने यायचे, गोठलेले, गोट्यांसारखे.

"फळ्याशीच संसार करा तुम्ही," सोबत स्वयंपाक करणाऱ्या काकू म्हणायच्या. "मी जाते माहेरी!"

एका सोमवारी ट्रक वाटेतच बंद पडला. दहा वाजले तरी भाजीचा पत्ता नाही. काका घामाघूम होऊन मागच्या कुंपणाशी धावले. पलीकडे मावशींचा मळा होता.

"मावशी, मटार आहेत का हो?"

"या उन्हात मटार? अरे, उद्या माझ्याकडे बर्फ मागशील!" मावशी खळखळून हसल्या. "भोपळे आहेत, चवळीच्या शेंगा आहेत. कैऱ्यांचा तर खच पडलाय."

"पण फळ्यावर मटार लिहिलेत."

"जमिनीला वाचता येत नाही रे बाबा, तिला ऋतू कळतो. तुझा फळा सुंदर आहे, पण त्यावर नुसते वार आहेत. ऋतू कुठाय? काखेत कळसा आणि गावाला वळसा! माझे भोपळे इथे कुजतात, आणि तुझी भाजी चार दिवस प्रवास करून येते. थकलेली भाजी कुणाला गोड लागेल?"

काकांनी हात पुढे केले. मग कुंपणावरून भोपळे अलीकडे आले, शेंगांच्या पाट्या आल्या. काकूंनी फोडणी दिली तसा वास शिलाई यंत्रांपर्यंत पोहोचला.

जेवायला सगळ्यांत पुढे तपासनीस. कपड्यावर 'नापसंत'चा शिक्का मारता मारता त्यांचं नावच नापसंतभाऊ पडलं होतं. त्यांनी भोपळ्याचा घास घेतला. सगळी पंगत श्वास रोखून बघत राहिली.

"काकू," ते म्हणाले, "अजून थोडी वाढा."

काय हशा पिकला! त्या दिवशी पिंपात पडलं काय, तर फक्त भोपळ्याची सालं. तीही मावशी खतासाठी घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी नापसंतभाऊ शेवग्याच्या शेंगांची मोळीच घेऊन आले. "दारचं झाड आहे. दरवर्षी वाळून जातात. चालतील?" मग कुणी लिंबं आणली, कुणी घरामागच्या परड्यातली पालेभाजी.

काका फळा खरवडायला बसले, पण वार्निश कसलं निघतंय! तेव्हा काकूंनी तो खिळ्यावरून काढला आणि उलटा टांगला. मागची बाजू कोरी होती. "हं, आता खडूने लिहा. रोज!"

महिनाअखेरीला साहेब आले. पिंपात डोकावले, मग पातेल्यात. पातेलंही रिकामं होतं! "अहो काका, मला काहीच ठेवलं नाही?"

"उद्या लवकर या साहेब."

"उद्या काय आहे?"

"ते मावशींना विचारून सांगतो!"

डब्यांची गोष्ट पुन्हा निघाली नाही. मंडळी, आपल्याही घरात असा एखादा वार्निश मारलेला फळा असतो. तो उलटा करून पाहा. आपल्या मातीत आज जे पिकलंय ते आधी आपल्या ताटात यावं, आणि उरेल ते शेजाऱ्याच्या ताटात जावं. अन्नाला चव येते ती अशी!