थोरलीचा चमचा

मित्रांनो, मी एक जुना चमचा आहे. माझ्यासारखे शेकडो एकाच साच्यातून निघाले, पण मी आलो एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात. तिथे दोन जावा स्वयंपाक करत. थोरलीच्या हाताला अशी चव, की मुले ताट चाटूनपुसून साफ करीत. प्रत्येक पातेल्याची चव ती माझ्यानेच बघे आणि मला लगेच धुऊन खिळ्याला अडकवी. मला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे. मीही तोऱ्यात असे!

मग तिचे तोंड पोळू लागले. तिखटाचा थेंब जिभेवर पडला, की डोळ्यांत टचकन पाणी येई. दात घासताना हिरड्यांतून रक्त येई. उष्णता असेल, म्हणून ती गप्प राहिली. आपले दुखणे कुणाला लागू नये, म्हणून तिने मला फडताळात टाकले आणि अंदाजाने मीठ घालू लागली. ताटे अर्धी भरलेली परत येऊ लागली. व्यवस्थापक म्हणाले, "जमत नसेल तर दुसरी बाई बघतो."

जाऊबाई दूधपावाशिवाय काही खात नाहीत, हे धाकटीने हेरले. तिने थोरलीला जवळजवळ ओढतच दातांच्या डॉक्टरांकडे नेले. गालाच्या आत पांढऱ्या रेषांची जाळी होती. कणभर तुकडा तपासून डॉक्टरांनी आजार ओळखला: लायकेन प्लेनस. शरीराची राखण करणारी यंत्रणाच चुकून तोंडाच्या नाजूक अस्तरावर उठली होती. हे सारे मला त्या दोघींच्या बोलण्यातून कळले.

"हे कुणाला लागत नाही, ऐकलंत ना?" धाकटी म्हणाली.

"मुळापासून जाईल, असंही नाही म्हणाल्या डॉक्टरबाई."

"आटोक्यात राहील म्हणाल्या. मलम लावायचं, मऊ ब्रश वापरायचा, तिखट-आंबट बंद. आणि तपासायला जायचं. टाळाटाळ केलीत तर गाठ माझ्याशी आहे!"

थोरलीला हसू आले. तिने मला बाहेर काढले, लख्ख घासले आणि धाकटीपुढे धरले.

"मीठ बघ."

"मी? तुमच्या चमच्यानं?"

"हो. आणि माझी भीड धरू नकोस."

धाकटीने चव घेतली. "थोडं कमी आहे, जाऊबाई."

थोरलीने चिमूटभर मीठ टाकले. त्या दिवशी ताटे रिकामी परत आली.

तिचे दुखणे अजून मधूनच डोके वर काढते. मग पुन्हा मलम, पुन्हा डॉक्टर. मित्रांनो, तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर लपवू नका, दाखवा. आणि कुणी ताट सरकवले, तर त्याला नखरेल म्हणण्याआधी जवळ बसून विचारा, "तोंड दुखतंय का?"