काशीरामच्या विहिरीची परीक्षा

"पुढच्या शनिवारी तुमच्याच वाडीत जाऊ," दीप्ती मॅडम म्हणाल्या आणि काशीरामच्या हातातला कॅन हिंदकळला.

विद्यापीठाच्या पाणी संशोधन केंद्रात काशीराम दीप्ती मॅडमच्या हाताखाली मदतनीस होता. केंद्राची गाडी गावोगाव जाई, आणि तिथे बाटली दाखवायचा मान त्याचा. औषध घातलेल्या बाटलीत विहिरीचं पाणी भरायचं. दुसऱ्या दिवशी काळी पडली तर पाणी खराब. जांभ्या दगडातून पाणी झिरपतं, गोठा विहिरीपासून लांब हवा, हेही तो घसा फोडून सांगे. सोमवारी मात्र घरच्या विहिरीचं पाणी कॅन भरून आणून अख्ख्या केंद्राला पाजे आणि अमृत म्हणे. शास्त्रज्ञही मुकाट्याने पीत. त्या अमृताची परीक्षा त्याने कधीच घेतली नव्हती. घरात आलेली प्रत्येक सून जिला हळदकुंकू वाहते, त्या विहिरीवर कसला संशय घ्यायचा?

शनिवारी सहाणेवर, पालखी टेकवायच्या दगडी ओट्यापाशी, वाडी जमली, पण पाणी आणायला कोणी उठेना. आधी काशीरामने आपली विहीर तपासली का, असं शेजारच्या भागोजीने विचारलंच. काशीराम टोपी नीट करू लागला. तेव्हा त्याची बायको सीता घरच्या विहिरीची भरलेली कळशी घेऊन आली आणि "लोका सांगे ब्रह्मज्ञान" एवढंच पुटपुटत तिने सगळ्यांसमोर बाटली भरली.

रविवारी सकाळी बाटली कोळशासारखी काळी झाली होती. एवढ्या मिरवलेल्या विहिरीचं आता वाडीभर हसं होणार होतं. काशीरामने बाटली रुमालात गुंडाळली, दारापर्यंत गेला, आणि थांबून रुमाल खिशात कोंबला. बाटली न झाकता हातात धरून तो सहाणेवर पुन्हा जमलेल्या वाडीसमोर आला.

"माझी काळी झाली," तो म्हणाला. "गोठा हिरीला लागून हाय माझा. गावभर सांगत फिरलो नि घरात बघितला नाय."

कोणी हसलं नाही. भागोजी उठला, घरी गेला आणि आपल्या विहिरीचं पाणी घेऊन आला. मग रांगच लागली.

पुढे वाडीने मिळून काशीरामचा गोठा मागे हलवला, विहीर उपसली, औषध टाकलं. त्या दिवशी वडे-सागोतीचा बेत होता आणि कामापेक्षा थट्टाच जास्त झाली. काशीरामला इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. महिनाभराने भरलेली बाटली होती तशीच राहिली. मॅडम मुद्दाम आल्या आणि तांब्याभर पाणी प्यायल्या.

सीतेने ती स्वच्छ राहिलेली बाटली कुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवली. काशीरामने बूच घट्ट करून शेजारी काळीही ठेवली.

"ही कशाला देवात?"

"खरा बोलली ती."

सीतेने तिलाही कुंकू लावलं.