धामनोदच्या ढाब्यामागची बोट

“गप! कोणी बोलू नका, मला ऐकू दे,” हे बोटीतून ओरडले.

आता तिथे बोलणार कोण होतं? धामनोदच्या त्या ढाब्यामागे मी, ढाबेवाला भूपेंद्र आणि नुकत्याच बोटीतून हाकललेल्या चार कोंबड्या. बोट जमिनीवर, ओंडक्यांवर ठेवलेली. समुद्र तिथून चारशे किलोमीटर. हायवेवरून ट्रक जात होते, आणि आमचे रत्नाकरराव, वय वर्षं एकाहत्तर, स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनाला आणि मूठ कानाला लावून, डोळे मिटून जपाला बसल्यासारखे बसले होते.

भूपेंद्र मला हळूच म्हणाला, “काकीजी, काकाजी डॉक्टर हैं क्या?”

“डॉक्टर परवडला असता रे. तो पाच मिनिटांत पेशंट सोडतो.”

ह्यांनी देवासच्या इंजिनाच्या कारखान्यात एकतीस वर्षं टेस्टिंगला काढली. नवं इंजिन सिमेंटच्या ओट्यावर बोल्टांनी आवळायचं, आठ तास पूर्ण वेगात पळवायचं, कानानं तपासायचं, आणि पास झालं की पेटीत घालायचं. त्यातली काही इंजिनं बोटींसाठी जायची. पेटीवर बंदराचं नाव रंगवलेलं असे. हे घरी येऊन जेवताना सांगायचे, आज वेरावळ गेलं, आज मालवण. स्वतः मात्र दोनदाच समुद्र बघितला, तोही घोट्यापर्यंत. बोटीत तर पाय ठेवला नव्हता.

रिटायर झाल्यावर ह्यांच्या डोक्यात बोट शिरली. साधीसुधी नव्हे, जुनी डिझेलची. तिच्यातून हर्णैपासून मालवणपर्यंत काठाकाठानं जायचं, वाटेत गळ टाकून मासे धरायचे.

“मासे धरून करणार काय? आपल्याकडे अंडं आणलं तर मी भांडं वेगळं ठेवते,” मी म्हटलं.

“परत सोडून देईन.”

“म्हणजे माशाला उगाच इंजेक्शन.”

दोन वर्षं मोबाइलवर बोटींचे फोटो बघितले. पेट्रोलची नको, भडका होतो. दोन इंजिनांची नको, दोन बायका सांभाळण्यासारखं. नवी तर मुळीच नको. “नव्या इंजिनात कॉम्प्युटर असतो, तो बोलत नाही. जुनं डिझेल आपलं दुखणं स्वतः सांगतं,” हे म्हणायचे. आमची शिवानी इंदूरला असते, ती म्हणायची, “बाबा, तुम्ही माळव्यातले भिया लोक, तुम्हाला तलावात पण भोवळ येते!” हे हसायचे नाहीत. वहीत बंदरांची नावं लिहून दोन नावांमध्ये डिझेल किती लागेल ते लिहायचे.

मग ही बोट कळली. भूपेंद्रच्या मोठ्या भावानं गुजरातच्या किनाऱ्यावरून आणली होती, नर्मदेच्या धरणानं फुगलेल्या पाण्यात टूरिस्ट फिरवायला. परवानगी मिळाली नाही. भाऊ परदेशी गेला, बोट ढाब्यामागे राहिली. सहा वर्षं.

आल्याबरोबर ह्यांनी आधी इंजिनाला हात लावला. गार होतं. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवणारा माणूस लबाड, हा ह्यांचा नियम. मग ऑइल बोटांवर चोळून बघितलं, वास घेतला, बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा हलवून बघितला. भूपेंद्रनं ड्रममध्ये पाणी भरून नळी जोडली, कारण बोटीचं इंजिन पाणी पिऊन थंड राहतं. चावी फिरवली. पांढरा धूर आला आणि मिनिटभरात विरला. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की लग्नात माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं.

हे आत कान लावून बसलेले असताना तिकडून मांगीलाल आला. ढाब्यावर ताटं धुणारा, साठीचा. जातीचा केवट, म्हणजे नावाडी. त्याचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं, नाव गेली, तेव्हापासून तो इथे. हात पुसत माझ्याजवळ उभा राहिला आणि बोटीखाली बोट दाखवून म्हणाला, “बाईजी, एक बात कूं? इसके नीचे...”

आता माझी खोड सांगते. ह्यांच्याकडे बघून कोणी हसलं, की माझ्या तोंडाला खाज सुटते. आणि भूपेंद्र हसत होता. डॉक्टर म्हणाला होता ना मघाशी.

मी म्हटलं, “अरे, ये कौन हैं पता है? इनके परदादा मराठा आरमार में थे. ये खुद बीस साल समंदर में रहे. एक बार रात को टापू समझकर बोट लगा दी. उतरे, चूल्हा जलाया, चाय बनाई. दूसरा कप पी रहे थे तो टापू हिलने लगा. मछली थी! पीठ पर चटका बसा ना उसको!”

भूपेंद्र हसायचा थांबला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी आणखी एक सोडली. वादळात सुकाणू मोडलं तेव्हा ह्यांनी पोळपाट लावून बोट घरी आणली, ती.

मांगीलालनं सगळं ऐकून घेतलं. मग हात जोडले.

“साब तो समंदर का आदमी है. इनको मैं कंई बताऊं,” म्हणाला आणि ताटांकडे गेला.

मी काही त्याला परत बोलावलं नाही.

इंजिन बंद झालं. हे घामाघूम होऊन बाहेर आले. “एक ठोका चुकत नाही. घ्यायची.”

“खाली बघितलं का?” मी विचारलं. मांगीलालचं बोट डोळ्यांपुढे होतं म्हणून विचारलं.

“फायबर आहे ग ते. त्याला काय होतं?” ह्यांनी बाहेरून दोन थापा मारल्या. टणक वाजलं. आम्ही माळव्यातली माणसं. बैल बघताना दात बघतो, मोटार बघताना टायर. बोटीचा तळ कसा बघतात ते आमच्यात कुणाला ठाऊक?

आठ दिवसांनी बोट ट्रॉलीवर चढवून खलघाटला नेली. आधी नर्मदेत चालवून बघायची, मग सरळ हर्णै. शिवानी आली. भूपेंद्र ढाबा बंद करून आला, मांगीलाल मागे बसून आला. मी ताट घेऊन तयार. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. लिंबाचा प्रश्न आला. गाडी घेतली की चाकाखाली लिंबू ठेवतो, बोटीला चाक कुठून आणायचं? मग ट्रॉलीच्या चाकाखाली ठेवलं.

“म्हणजे नजर ट्रॉलीची उतरली,” शिवानी म्हणाली. हेसुद्धा हसले. नवा पांढरा शर्ट घातला होता, खिशात वही.

बोट पाण्यात गेली आणि चक्क तरंगली. घाटावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी एकट्यानंच चालवायची म्हटलं. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. हे काठाकाठानं गेले, वळून आले, आणि आमच्यासमोर आल्यावर एक हात वर करून वेग वाढवला.

मोठा आवाज झालाच नाही. चहात बिस्कीट बुडवलं की तुटतं, तेवढाच. इंजिन जागच्या जागी कलंडलं. पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथे फाटलं, आणि पाणी आत शिरलं. इंजिन तरीही चालू होतं. कलंडलेलं, अर्धं पाण्यात, एक ठोका न चुकता चालू होतं. मग त्यानं पाणी गिळलं आणि बंद पडलं.

काठ जवळ होता, पाणी छातीइतकं. बोट तळाला टेकली. हे इंजिनावर हात ठेवून उभे राहिले, हलेचनात. घाटावर पोरं मोबाइल धरून होती. एक जण ओरडला, “काकाजी, टाइटेनिक!” सगळे हसले. मांगीलाल कपड्यांनिशी आत गेला आणि ह्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. खिशातल्या वहीतून शाई शर्टावर उतरली होती.

शिवानी ह्यांना पुसत होती तेव्हा मांगीलाल माझ्याजवळ आला. हळू बोलला, “बाईजी, तली का ढक्कन किसी ने खोला ही नहीं था. छह बरसात का पानी अंदर भरा रहा. इंजन के नीचे की लकड़ी गल गई थी. मैंने सोचा, साब तो जानते हैं, बदलवा ली होगी.”

बाहेर फायबर, आत लाकूड, आणि त्या लाकडावर इंजिन. मी तिथेच पायरीवर बसले.

देवासला परत आलो. घरी चहा दिला, तेव्हा म्हणाले, “एकतीस वर्षं इंजिनाखाली सिमेंट होतं ग. खाली काही असतं, हे मला कधी बघावंच लागलं नाही. मी मूर्ख.”

मग मी सांगितलं सगळं. मांगीलाल सांगायला आला होता, मी माशाची गोष्ट सांगितली, तो गप्प झाला. अक्षरही वाढवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा सरळ सांगितलं.

हे चक्क हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“माझी चूक अंगावर घेतेस होय? छान रचलीस. माशाची तर फारच छान.”

“अहो, शपथ घेते. मांगीलालला विचारा.”

“त्यालाही पढवून ठेवला असशील. राहू दे आता.”

मी रडले तर ह्यांना वाटलं, त्यांच्यासाठी रडते.

इंजिन कन्नौदच्या एका दाळ मिलवाल्यानं नेलं. बोटीचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही. शेजारच्या बळवंतरावांनी त्यांचा पंप खरखरतोय म्हणून हाक मारली, तर हे म्हणाले, “दुकानात दाखवा. मला आता नीट ऐकू येत नाही.” ऐकू येत होतं. स्वयंपाकघरात माझ्या हातून चमचा पडला तर हे बाहेरून विचारत, काय पडलं म्हणून.

दिवाळीनंतर शिवानीनं आम्हाला हर्णैला नेलं. बाबांना समुद्र तरी दाखवू, म्हणाली. किल्ला दाखवायला जाणारी टूरिस्टची बोट होती, वीस-पंचवीस माणसं. बोटवाला तरणा होता. ह्यांना हात देऊन चढवलं, नारिंगी जॅकेट घातलं. बक्कल ह्यांना लागेना, तर त्यानंच खाली वाकून लावलं, बालवाडीतल्या पोराला लावतात तसं.

“आजोबा, पयल्यांदाच काय दर्यात?”

शिवानीनं माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, आता आई सुटणार. माझ्या तोंडाशी आलंही होतं. पणजोबा, आरमार, सगळं. मी ओठ मिटून घेतले.

“हो, पहिल्यांदाच,” हे म्हणाले.

“मग मधी बसा. आनि उठू नका हां.”

हे मध्ये बसले, दोन्हीकडे दुसऱ्यांची लेकरं. हात गुडघ्यांवर ठेवले. मागे इंजिन सुरू झालं, दोनदा अडखळलं, मग लागलं. सगळ्यांनी वळून बघितलं. ह्यांनी नाही.