वजनकाट्याच्या तीन ओळी

मित्रांनो, नागापूर एमआयडीसीतला लोखंडाचा एकही नग माझ्या शब्दाशिवाय बाहेर पडत नाही. म्हणजे एकाच वर्कशॉपमधला. आणि तिथेही मी स्वतः काहीच करत नाही.

मी एक जुना इंटरफेस आहे, म्हणजे प्रोग्राम आणि वजनकाटा यांच्यातला दुवा; संगणकाच्या प्रोग्रामात राहतो. स्टेला मॅडमनी मला सहा वर्षांपूर्वी लिहिले. माझ्यात ओळी तीनच: शून्यावर ये, वजन सांग, बिघडलास तर कळव. हे कसे करायचे ते ज्या त्या काट्याने बघावे. जो काटा या तिन्हींचा शब्द देईल तो कामावर लागेल, मग तो कुठल्याही कंपनीचा असो. काटा कुठला आहे याचा बाकीच्या प्रोग्रामाला पत्ताही लागू नये, एवढ्यासाठी माझा जन्म.

मग पाथर्डीचे आदिनाथ प्रोग्रामर म्हणून आले.

"मॅडम, ह्याच्यात तर कामच न्हाई. नुसत्या तीन ओळी."

"तो करार आहे, आदिनाथ."

"करार काय वजन करतो व्हय?"

मॅडम महिनाभर रजेवर गेल्या, तेव्हा आदिनाथांनी मला वगळून एकोणीस ठिकाणी थेट तेव्हाच्या काट्याचे नाव घातले. माझ्या डोक्यावर टीप लिहिली: 'बिनकामाचे. नंतर काढणे.' चार वर्षे काटा तोच राहिला, त्यामुळे सगळे सुरळीत. आदिनाथांना बढती मिळाली. मला टीप.

गेल्या मंगळवारी दुपारी तो काटा बंद पडला. माल चारपर्यंत सुप्याच्या कारखान्यात पोचला नाही, तर त्यांचे काम थांबणार होते. नवा काटा लगेच जोडला, पण टेम्पो सोडायला लागणारी वजनाची पावती निघेना.

"वजन तर दिसतंय की," टेम्पोवाले रामहरी म्हणाले.

"प्रोग्राम जुन्या काट्याला इचारतोय," आदिनाथ म्हणाले.

"तो तर भंगारात पडलाय."

"व्हय."

"मग सांगा की त्याला कुनीतरी."

एकोणीस ठिकाणी सांगायचे होते.

स्टेला मॅडम आल्या. नव्या काट्याकडून माझ्या तिन्ही ओळी त्यांनी दहा मिनिटांत लिहून घेतल्या. जुने नाव खोडून माझे घालण्यात मात्र दोन तास गेले. टेम्पो साडेचारला निघाला. सुप्याने पुढच्या महिन्याचे निम्मे काम दुसऱ्याला दिले.

मित्रांनो, स्वतः काही न करता सगळ्यांना शब्दाला बांधून ठेवणारा कुणी दिसला, तर त्याला वगळू नका. त्याची किंमत तो नसलेल्या दिवशी कळते, आणि नेमका त्याच दिवशी टेम्पो उभा असतो.

बाकी माझे काही मागणे नाही. फक्त आदिनाथ, डोक्यावरची ती टीप तेवढी पुसा. अजून तशीच आहे.