एका गठ्ठ्याच्या तीन पट्ट्या

१९६८चा हिवाळा. दक्षिण कोरियाच्या टोकाला असलेल्या आमच्या बेटावर घरोघर गिम वाळायचं, म्हणजे समुद्रशेवाळाचे कागदासारखे पातळ पापुद्रे. शंभरांचा एक गठ्ठा. सरकारी तपासनीस प्यो तो उजेडात धरून प्रत ठरवायचा आणि बांधणीच्या कागदी पट्टीवर शिक्का मारायचा.

त्या जानेवारीत त्याने आईचा गठ्ठा बाद केला. वर भर रांगेत म्हणाला, "म्हातारे, गेल्या वर्षीचा माल मिसळतेस होय?"

चाळीस हिवाळे आईने बर्फगार पाण्यात हात घातले होते. ती घरी आली, वाळवणाच्या चटया गुंडाळल्या आणि बाहेर पडेना. "मला लबाड म्हणाला, ते सगळ्यांनी ऐकलंय," एवढंच म्हणाली.

मी बावीस वर्षांची होते. त्याचे शब्द त्यालाच गिळायला लावायचे, असं मी ठरवलं.

पुढच्या तपासणीला सकाळी आईचाच एक गठ्ठा शेजारच्या मालसिमकाकूंकडून पाठवला. शिक्का बसला पहिल्या प्रतीचा. ती पट्टी सोडून मी पापुद्र्यांच्या मधोमध लपवली, नवी बांधली. दुपारी तोच गठ्ठा काकूंच्या सुनेने नेला. तिसरी प्रत. ती पट्टीही आत. संध्याकाळी मी स्वतः गेले.

"बाद," प्यो म्हणाला. "लेकही आईच्याच वळणावर."

"साहेब, नीट बघा ना."

"तीस वर्षं बघतोय, पोरी."

"मग आतूनही बघा."

मी गठ्ठा उघडला. दोन्ही पट्ट्या, दोन्ही शिक्के त्याचेच.

काकूंनी मागून विचारलं, "दुपारी जेवण जड झालं वाटतं, साहेब?"

रांग हसली. तो पट्ट्या हातात घेऊन बसला. "त्या त्या वेळी मला खरंच तसं दिसलं," तो हळूच म्हणाला. त्याने लाच खाल्ली असती तर मला निदान कारण तरी सापडलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो माफी मागायला दारात आला. आईने दार उघडलं नाही, मीही उघडलं नाही. वाऱ्यात बराच वेळ उभा होता.

त्यानंतर दोन तपासनीस आले. गठ्ठ्यावर नाव नाही, फक्त आकडा. उजेडासाठी एकच खिडकी, एकच वेळ. दोघांनी एकमेकांना न विचारता प्रत लिहायची, मगच ताडून पाहायची. आईच्या मालाला दर वेळी दुसरी प्रत मिळाली. तिने चटया पुन्हा पसरल्या. एक्याऐंशीव्या वर्षी ती गेली. काकू त्याआधीच गेल्या. प्योची बदली धान्याच्या गोदामावर झाली. तो वारेपर्यंत दर नववर्षाला मी त्याला गिमचा एक गठ्ठा पाठवला, पट्टी न बांधता.

पुढे मीही तपासनीस झाले. एकदा एकच गठ्ठा तीन वेळा पाहिला, तर माझीही दोन उत्तरं आली. प्यो तेव्हा हयात होता, पण हे मात्र त्याला कधी कळवलं नाही.